तिसरी ओळ

कमळचं पत्र आलं ते अडतीस सालच्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. महिपत मास्तरांनी ते उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, आणि उत्तर लिहायचं म्हणून दौत पुढे ओढली. आता एकेचाळीस सालचा वैशाख लागला होता आणि दौत अजून पुढेच होती.

कमळ ही धोंडूबाईची मुलगी, मुरबाडात मास्तरांच्याच आळीतली. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा तापानं गेला, तेव्हा ती नात्यातल्या एका बाईबरोबर मुंबईला जाऊन एका मोठ्या हॉटेलात झाडलोटीच्या कामाला लागली. त्याआधी ती मास्तरांकडून पुस्तकं वाचायला न्यायची आणि परत देताना "शेवट बरा नाय" एवढंच म्हणून द्यायची. लिहायला तिला मास्तरांनीच शिकवलं होतं. त्यामुळे पत्रातल्या चुका बघून मास्तरांना वाटलं, या आपल्याच.

पत्र असं होतं:

"मास्तरांस नमस्कार. मी खुशाल हाय. इथं हाटेलात हेन्रीसाहेब पियानो वाजवतो न गातो. साहेब अमेरिकेचा, पण रंगानं आपल्याहून काळा. त्याचा पियानो पुसताना मी आयचे लग्नातले धवळे म्हणायची. त्यानं ऐकलं न मला शेजारी बसवलं. दोन वर्षं शिकवतो हाय. त्याचं गाणं आपल्या धवळ्यासारखंच. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, न तिसरी उत्तराची. मी एक गाणं केलंय. दोन ओळी झाल्या. 'रूळ नाय आमच्या गावा, मी येऊ कशानं. रूळ नाय आमच्या गावा, मी येऊ कशानं.' तिसरी सुचत नाय. ती तुमी धाडा. मी गाण्यापुरतं विचारत नाय. उलट टपाली लिवा. कमळ."

'मी गाण्यापुरतं विचारत नाय' या वाक्याखाली मास्तरांनी शिसपेन्सिलीनं रेघ मारली, मग ती खोडरबरानं पुसली, आणि पुसलेलं दिसतं म्हणून पुन्हा मारली.

पहिला मसुदा त्यांनी त्याच दिवशी केला. 'लोहपथविरहित या ग्रामी तव शुभागमन घडो.' वाचून पाहिला तर कोर्टाचं समन्स आल्यासारखं वाटलं. दुसऱ्यात चंद्र आला. तिसऱ्यात चंद्र काढला तर काहीच उरलं नाही. असे सत्तेचाळीस मसुदे झाले. ते सगळे त्यांनी शब्दकोशात ठेवले, त्यामुळे शब्दकोश मिटेना, म्हणून वर वीट ठेवली. रोज संध्याकाळी शाळेतून आले की वीट उचलायची, मसुदे वाचायचे, वीट परत ठेवायची. शेजाऱ्यांना वाटे मास्तर व्यायाम करतात.

मास्तरांचं स्वतःचं लग्नही असंच राहून गेलं होतं. सरळगावच्या एका मुलीच्या बापानं होकार विचारला होता. मास्तरांनी होकाराचं पत्र लिहायला घेतलं, आणि ते मनासारखं होईपर्यंत मुलीला दुसऱ्या घरी दोन मुलं झाली. आता मास्तर अडतीस वर्षांचे होते. वर्गात चौथीच्या पोरांपुढे ते बोलत, कारण पोरं ऐकत नसत. कुणी ऐकायला लागलं की त्यांचा आवाज आत जाई.

म्हणूनच भाची शकूचं लग्न ठरलं तेव्हा आनंदाच्या आधी त्यांना धडकी भरली.

त्या आळीतली लग्नं धवळारीण लावत असे. हळदीपासून अंतरपाटापर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं असे. त्याला धवळा म्हणायचं. ती एक ओळ म्हणे, भोवतीच्या बायका ती झेलत, म्हणजे जशीच्या तशी परत म्हणत. अंतरपाटाच्या धवळ्यात एक प्रश्न असे आणि तो नवरीच्या मामाला असे. मामा नवरीच्या मागे उभा राहून उत्तराची ओळ म्हणे, बायका तीही झेलत, की पडदा खाली. यात दोन गोष्टी कधी मोडायच्या नाहीत. सुरू झालेला धवळा मध्ये तोडायचा नाही, आणि ज्याला विचारलं त्यानंच उत्तर द्यायचं. पिढ्यान्‌पिढ्या प्रश्न एकच होता, 'पाखरू कुनाच्या हवाली?', आणि उत्तरही एकच, 'दिली लेक, सोडा पडदा'. चार शब्द. मास्तर ते दोन महिने रोज विहिरीत तोंड घालून म्हणत होते. विहिरीला ते चांगले येऊ लागले होते.

चैत्रात धोंडूबाईचा आवाज गेला. त्या भागातली धवळारीण तीच. ताप नाही, खोकला नाही. सकाळी म्हशीला हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली. ती सरळ मास्तरांच्या ओटीवर येऊन बसली आणि हातवारे करून पत्र सांगू लागली. गावाची पत्रं मास्तरच लिहीत, पण मुकं पत्र त्यांनी आजवर लिहिलं नव्हतं. धोंडूबाईनं गळा दाखवला, मांडवाच्या दिशेनं हात केला, मुंबईच्या दिशेनं केला, आणि दोन्ही हातांनी हवा ओढली. मास्तरांनी लिहिलं, 'कमळ, माझा आवाज गेला. शकूचं लग्न लावायला ये.' खाली दोन बोटं जागा उरली. धोंडूबाईनं त्या जागेवर बोट आपटलं, मग मास्तरांच्या छातीवर आपटलं. मास्तरांनी टीपकागद दाबला आणि पत्र दुमडलं.

आठवड्यात कार्ड आलं. 'येते. पण पियानोसकट. आसनगावला उतरवून घ्या.'

लढाई लागल्यावर हेन्रीसाहेब आगबोटीनं परत गेला होता आणि जाताना आपला जुना पियानो कमळला देऊन गेला होता. नवरामुलगा धर्मा शहापूरचा. त्याचा बाप सावळाराम वऱ्हाडाच्या पाच गाड्या घेऊन निघायचाच होता. त्यानं सांगून टाकलं, एक पेटी आणायची त्यात काय मोठंसं. आसनगावच्या फलाटावर पेटी बघितल्यावर मात्र तो खाली बसला. आठ माणसांनी ती गाडीत चढवली. ती गाडी नवऱ्याची होती. बाकीच्या चार भरलेल्या, तेव्हा धर्मा शहापूरपासून मुरबाडपर्यंत बाशिंग बांधून पियानोवर बसून आला. काळू नदीच्या उतारात गाडी आसापर्यंत पाण्यात गेली आणि दोन पट्ट्या कायमच्या मुक्या झाल्या. वाटेत दोन गावांनी पियानोची ओटी भरली. कुठली देवी, हे कुणी विचारलं नाही. एवढी जड आहे म्हणजे जागृत असणार. मांडवात उतरवला तेव्हा झाकणावर नारळ, तांदूळ आणि हळदकुंकू होतं, आणि आत कुठेतरी एक सुपारी घरंगळत होती.

"मास्तर," सावळाराम घाम पुसत म्हणाला, "तुमच्याकडं धवळारीण नुसती येत नाय कधी? का दर वक्ती घर घेऊन येते पाठीवर?"

मास्तर हसले. उत्तर त्यांना रात्री सुचलं असतं.

कमळ गाडीमागून चालत आली. नऊवारी लुगडं, आणि पायात हॉटेलातले काळे बूट. पियानोच्या खालच्या पितळी पट्ट्यांवर अनवाणी पाय सरकतो म्हणून. तिनं आईच्या पाया पडून घेतलं, शकूच्या गालावरून हात फिरवला आणि मास्तरांसमोर उभी राहिली.

"बरे हाव ना मास्तर?"

"हो."

"पत्र पोचलं व्हतं?"

"पोचलं."

"बरं," कमळ म्हणाली आणि पियानोतली सुपारी काढायला गेली.

तेवढंच. पण मास्तरांना दिवसभर वाटत राहिलं की आपण फार बोललो.

हळदीचे, तेलाचे, उंबराचे धवळे कमळनं आईसारखे म्हटले, फरक एवढाच की सोबत पियानो होता. डावा हात खडकाळ रस्त्यावरून बैलगाडी चालावी तसा चालायचा आणि उजवा मधूनच तित्तरासारखा झुडपातून उडायचा. चालीची बारा सारखी घरं मोजायची, मग पहिल्यापासून. ती बारा घरं ती मनाशी बोटांच्या पेरांवर मोजायची, चार बोटं आणि प्रत्येकाची तीन पेरं. एका जागी ती दर वेळी शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबी आणि सूर जरा ठेचल्यासारखा निघे.

"चुकतंय गो तुझं तिथं," मास्तरांची बहीण गंगी म्हणाली. शकूची आई ती, नवरा वारलेला, आणि मुलीच्या लग्नात काही चुकू नये म्हणून आठ दिवस जेवलेली नव्हती.

"चुकत नाय, गंगाक्का. तो सूर दोघींच्या मधी बसतो. आय लावते ना 'उंबरा'च्या 'रा'वर, तो. साहेबलोकांनी पेटी केली तवा त्याला पट्टीच ठेवली नाय. म्हणून दोघींना दाबायचं."

"मंग तुझ्या हेन्रीसाहेबाला कसा ठावा?"

"त्याच्या आजीला मळेवाल्यानं विकत घेतली व्हती. कापूस वेचायला. ती गायची."

धोंडूबाईनं ऐकलं. तिनं उठून पियानोच्या झाकणावर थोडं तेल लावलं, नवरीला लावतात तसं.

गोरज मुहूर्ताला शकू आणि धर्मा समोरासमोर उभे राहिले. मध्ये अंतरपाट, त्याची दोन टोकं धर्माचे दोन चुलतभाऊ धरून. शकूच्या मागे मामा म्हणून महिपत मास्तर, नवा फेटा, बगलेत छत्री. मनात ते चार शब्द फिरवत होते. दिली लेक, सोडा पडदा. दिली लेक, सोडा पडदा. कमळच्या भोवती बेचाळीस बायका दाटीनं बसल्या होत्या.

कमळचा डावा हात चालू लागला. तिनं मान वर करून मास्तरांकडे पाहिलं आणि गायली:

"रूळ नाय आमच्या गावा, मी येऊ कशानं..."

बायका क्षणभर थबकल्या. हा प्रश्न नेहमीचा नव्हता. पण धवळारीण म्हणते तो धवळा. त्यांनी झेलला.

"रूळ नाय आमच्या गावा, मी येऊ कशानं..."

मग पियानो चार घरं नुसता चालला आणि थांबून राहिला. मांडव मामाकडे बघू लागला.

मास्तरांच्या डोक्यातले चार शब्द विहिरीत पडले. तिथे सत्तेचाळीस मसुदे एकदम उघडले. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. बारा घरं संपली, डावा हात पहिल्या घरात परत आला आणि कमळ परत गायली, "रूळ नाय आमच्या गावा..."

चौथ्या फेरीला कुजबूज झाली. दहाव्या फेरीला सावळाराम पुढे आला.

"आता बास कर गो पोरी! दिली लेक, सोडा पडदा!" तो मामाच्या वतीनं ओरडला.

बायकांनी ते झेललं नाही. मान हलवली. त्यातली सगळ्यात वडीलधारी, नाव लहानी, म्हणाली, "ती विचारते येऊ कशानं, न तुमी म्हणता लेक दिली. ह्याचं त्याला कसं लागंल, सावळारामदादा?"

"मंग सांगा तिला, मोटारीनं ये! कल्याणवरनं मोटार येते."

कमळनं गाता गाता मान हलवली: नाही.

मग मांडवच कामाला लागला. कुणी म्हणालं घोड्यानं ये, कुणी डोलीनं, कुणी म्हणालं पाखरासारखी हवेतनं ये. "माझ्या गाडीनंच आली ना ती! बैलांची खांदं सोलली!" सावळाराम पुन्हा पुन्हा सांगत होता. कमळ प्रत्येकाला नाही म्हणत होती, सुरात. शेवटी धोंडूबाई काठी टेकत आली आणि काठीचं टोक तिनं मास्तरांच्या छातीकडे रोखलं. ज्याला विचारलं त्यानं.

"दादा," गंगी मास्तरांच्या कानाशी आली, "काय तरी बोल रे. कायपण. लेक उभी हाय माझी."

मास्तरांनी हिय्या केला. खाकरून घसा साफ केला.

बेचाळीस बायका त्याचीच वाट बघत होत्या. मामाच्या तोंडून निघालं ते झेलायचं. बेचाळीस जणींनी एकदम, सुरात, खाकरलं.

मास्तर घाबरले. "नाही, म्हणजे, मी..."

"नाही, म्हणजे, मी..." बायका गायल्या. पियानोनं त्याखाली तो ठेचलेला सूर घातला. तो संकोच असा सुरात ऐकू आला की एक-दोघी म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. मास्तरांना आपला सगळा जन्म कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवल्यासारखं वाटलं. त्यांनी तोंड मिटलं ते मिटलं.

पण ते उत्तर नव्हतं. तेव्हा कमळ पहिल्या घरात परतली.

रात्र तशीच गेली. सकाळपर्यंत सगळ्याला एक शिस्त लागली. बायकांनी पाळ्या लावल्या. वीस जणी गात, बाकीच्या धारा काढून, भाकऱ्या थापून येत. चुलतभावांचे हात भरून आले म्हणून अंतरपाट मांडवाच्या दोन खांबांना बांधला. कमळला गंगी एका हातानं भात भरवत होती. घास तोंडात असला की कमळ डावा हात चालू ठेवी आणि बायका तिच्या वाटची ओळ म्हणत. "बोटं दुखतात का गो?" गंगीनं विचारलं. "मी तोडला तर आयला तोंड कसं दावू?" कमळ दोन ओळींच्या मध्ये सुरातच गुणगुणली.

बायकांनी एव्हाना ठेचलेला सूर गळ्यात धरला होता. लहानी तर तो पियानोपेक्षा नेमका लावत होती.

पडद्याच्या दोन्ही बाजूंना शकू आणि धर्मा खाली बसले होते. एकमेकांना त्यांनी अजून पाहिलं नव्हतं, पण बोलणं सुरू झालं होतं.

"तुमच्यात म्हशी किती?" शकूनं विचारलं.

"दोन. एक मारकी हाय."

"मारकी म्हस मी नाय पिळणार."

"मंग कोण, मी पिळू?"

"पिळा. हात नाय काय?"

दहा वाजेपर्यंत त्यांचं कडाक्याचं भांडण होऊन दोघं पाठ फिरवून बसले, आणि अकराला धर्मानं पडद्याखालून एक लाडू सरकवला. लहानी म्हणाली, पाच वर्षांचा संसार झाला दोघांचा, फक्त लग्न राहिलंय.

मास्तर मात्र उभे होते. मामानं बसायचं नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं. बसलं तर सगळ्यांचं लक्ष जाईल म्हणून ते बसले नाहीत.

शकूनं मान वळवून वर पाहिलं. "मामा."

"अं?"

"ती ओळ तुमाला येते का?"

 मास्तरांनी मान डोलावली: येते. तोवर येत नव्हती. पण पहाटे कधीतरी, बायकांनी ती ओळ शेकडो वेळा झेलल्यावर, सत्तेचाळीस मसुदे आपोआप गळून पडले होते आणि खाली एक साधी ओळ उरली होती. ना चंद्र, ना लोहपथ. एवढी साधी की ती आपली असेल यावर त्यांचा विश्वास बसेना.

"मंग बोला ना, मामा. माझ्यापायी."

मास्तरांचे डोळे भरून आले. भाची लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून बाराखडी शिकली होती. त्यांनी तोंड उघडलं. पाळीवरच्या वीस जणींनी श्वास घेतला. मास्तरांनी तोंड मिटलं.

"मी... लिहू शकतो," ते कसंबसं पुटपुटले, फक्त शकूला ऐकू जाईल एवढं.

नेमका त्याच वेळी गोमा पोस्टमन मांडवात शिरला. त्याच्याकडे लग्नघरच्या नावाची तीन शुभेच्छापत्रं होती आणि ती कालच्या लग्नाची असल्यानं उशीर झाला म्हणून तो ओशाळला होता. लग्न अजून चालूच आहे म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

"गोमा," शकू ओरडली, "कार्ड हाय का तुझ्याकडं?"

गोमाच्या पिशवीत कोरी कार्डं असत. त्यानं एक काढलं.

"दे मामाला. मामा लिवतील, तू कमळमावशीला दे. चार पावलं हायत."

गोमानं कार्ड मागे घेतलं. "असं नाय चालत. कार्ड म्हंजे टपाल. टपाल डब्यात पडाया पायजे. डबा साडेचारला उघडतो, ठसा मारतो, मंग उद्या सकाळच्या वाटपाला. हातोहात देयाचं असंल तर कार्ड कशाला, पानावर लिवा."

"पानावर लिही दादा!" गंगी म्हणाली आणि पत्रावळ पुढे केली.

तेव्हा कमळ बोलली. म्हणजे गायली, कारण धवळ्याच्या मध्ये बोलायचं नसतं. डावा हात तसाच चालत होता. "उलट टपाली मागितलं व्हतं मी..."

बायकांनी झेललं. "उलट टपाली मागितलं व्हतं मी..."

"...अडीच वर्षं थांबले मी, उद्याचं काय..."

"...अडीच वर्षं थांबले मी, उद्याचं काय..."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मग हळूहळू कुणाकुणाच्या ध्यानात आलं. गंगीच्या आलं. ती भावाकडे, कमळकडे, परत भावाकडे बघू लागली.

"अरे देवा," ती म्हणाली. "तो शब्दकोश. ती वीट." मग पदरानं डोळे पुसत, "मेल्या, विधवेचा पाट लागतो ना आपल्यात! एका शब्दाचं काम व्हतं."

सावळारामनं डोक्याला हात लावला. "म्हंजे उद्या सकाळपर्यंत?"

"डबा उघडल्याबिगर नाय," गोमा म्हणाला.

"मंग काय," सावळाराम मांडवाकडे वळून ओरडला, "तांदूळ टाका गो आणखी! न माझे बैल सोडा सावलीला!"

एक अडचण उरली. पोस्टाचा डबा बाजारात. मामानं जागा सोडली तर नवरीच्या मागे कोण? लहानीनं विचार केला. गैरहजर नवऱ्याचं लग्न त्याच्या तलवारीशी लागतं, मग गैरहजर मामाची वस्तू का चालू नये? "तुमची म्हणून एक चीज ठेवा, मास्तर."

मास्तरांनी बगलेतली छत्री काढून शकूच्या मागे उभी केली. ती पडू लागली तशी शकूनं मागे हात करून धरली. बायकांपैकी एकीनं छत्रीला कुंकू लावलं. आणि मास्तर, काल संध्याकाळपासून पहिल्यांदा, हलले.

बाजारात दुपारची सामसूम होती. पोस्टाच्या पायरीवर बसून त्यांनी गोमाची पेन्सिल घेतली. पत्ता आधी लिहिला, कारण तो सोपा: 'श्रीमती कमळ, पियानोजवळ, गंगीचा मांडव, मु. पो. मुरबाड.' मग कार्ड उलटं केलं.

"काय लिवता एवढं?" गोमानं मान लांब केली.

मास्तरांनी हातानं झाकलं. शाळेत पोरं पाटी झाकतात तसं. मग त्यांना वाटलं, उद्या हेच बेचाळीस बायका गाणार आहेत. हात काढला. ओळ अशी होती:

'रूळ नाय तर नाय गो, मी येतो न्याया, पायानं.'

गोमानं वाचलं. "ती तर आलेली हाय."

"हो."

"मंग न्याया कुठं जाणार तुमी?"

मास्तर विचारात पडले. बरोबर होतं. उत्तर अडीच वर्षांनी शिळं झालं होतं. 'आलीस ते बरं झालं' असं करावं का? पण मग यमक जातं. शिवाय 'न्याया' हे अशुद्ध. तपासणीसाच्या दृष्टीस पडलं तर शिक्षक म्हणून आपली काय शोभा राहील? त्यांनी पेन्सिल उचलली. दूर मांडवातून आवाज येत होता. रूळ नाय आमच्या गावा. डावा हात रेंगाळत होता. बोटं दुखत असणार. लहानीचा तो दोन पट्ट्यांमधला सूर बाजारापर्यंत पोचला आणि तांबोळ्याच्या दुकानातला पोपट त्याला लावून पाहू लागला.

"मांडवापर्यंत," मास्तर म्हणाले.

"काय?"

"न्यायला. इथून मांडवापर्यंत चालत जाणार."

ते उठले. डब्याच्या फटीत कार्ड अर्धं घातलं. अर्धं बाहेर होतं तोवर ते त्यांचं होतं. 'गो' काढता आला असता, स्वल्पविराम हलवता आला असता, घरी नेऊन वीट ठेवता आली असती. कोपरा दोन बोटांत धरून ते उभे राहिले. मांडवातली पहिली ओळ संपली. बायकांनी ती झेलली. मग पियानो चार घरं नुसता चालला आणि थांबून राहिला, जसा काल संध्याकाळपासून थांबत होता, कुणाच्या तरी उत्तराची जागा मोकळी ठेवून.

मास्तरांनी बोटं सोडली. कार्ड आत पडल्याचा अगदी लहान आवाज झाला.

"पडलं," गोमा म्हणाला. "आता सरकारचं."